सारजाक्काचं धुणं

सारजाक्का माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी त्याचा सदरा बघायची. बघायची म्हणजे चिमटीत धरून चोळायची. मी पहिल्यांदा माकणी गावात गेलो तेव्हा डोक्यावरची भांड्यांची पाटी खाली ठेवायच्या आत एका उंच, हडकुळ्या बाईनं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं, अंगठ्यानं चोळलं आणि ओट्यावर बसलेल्या बायकांना निकाल सांगून टाकला, "टेरिकॉट हाय. टिकंल लई, पर ऊब न्हाय."

बायका हसल्या. मी रागानं सदरा सोडवून घेतला. आमचा परिचय झाला तो असा.

माझा धंदा जुन्या कपड्यांवर भांडी द्यायचा. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं, म्हणून डोक्यावर पाटी घेतली. पाटीची सायकल झाली, सायकलीचा टेम्पो झाला, आणि आज मुरूमला माझं भांड्यांचं दुकान आहे. हे सगळं मी जिभेवर कमावलं. मुरूमच्या बाजारात माझ्याशी घासाघीस करायची असली की ठोक व्यापारी घरून जेवून येतात. पण माकणीत माझी जीभ चालली नाही. कारण सोपं होतं. जुन्या कपड्यांत मोल असतं ते सुती कापडाला. ते पुसायच्या चिंध्या म्हणून कारखान्यांत जातं. नायलॉनला कुत्रं विचारत नाही. आणि माकणीतलं सगळं सुती कापड सारजाक्काला हवं असायचं, वाकळांसाठी.

वाकळ म्हणजे शहरातली माणसं जिला गोधडी म्हणतात ती. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून शिवलेलं जाड पांघरूण. सारजाक्का स्वतःच्या घरात कमी आणि दुसऱ्यांच्या घरात जास्त शिवायची. ज्या घरची लुगडी त्याच घरात बसून वाकळ, हा तिचा नियम. मोबदला म्हणजे दुपारची भाकरी आणि बसल्या बसल्या त्या घरच्या सुनेला चार शब्द सुनवायचा हक्क. दुसरा कुणी व्यापारी असता तर मी त्याला भावात हरवलं असतं. पण जी बाई कापडाचं काही घेतच नाही तिच्याशी भाव कसा करायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

घट बसायच्या आधीचे दिवस म्हणजे माझा हंगाम. पाऊस उघडलेला असतो, सोयाबीन मळायच्या यंत्रांची धूळ रस्त्यावर उडत असते, बांधाला तरवड पिवळाधमक फुललेला असतो आणि घराघरांतून सगळी अंथरुणं-पांघरुणं बाहेर निघतात. घट बसायच्या आत घरातली प्रत्येक वाकळ धुतलीच पाहिजे, ही आमच्या भागातली रीत. पेट्या उघडल्या की जुनं लुगडं निघतं, आणि लुगडं निघालं की बाईला डबा आठवतो. मी नेमका तेव्हा गल्लीत असायचो. सारजाक्काही असायची.

एकदा एका बाईनं तीन सुती लुगडी आणली. मी डबा पुढं केला. बाई खूश होती, मी खूश होतो. सारजाक्कानं लुगडी चोळून बघितली, त्यातली दोन काढून बाईच्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या जागी घरातल्या दोन नायलॉनच्या साड्या टाकायला लावल्या.

"आता दे डबा," ती मला म्हणाली.

"आक्का, नायलॉनवर डबा येत नाही."

"का? तुजा डबा थंडीनं काकडतोय व्हय?"

"तुम्हाला काय करायचंय सुती कापड ठेवून? त्यांना नायलॉनची वाकळ शिवून द्या."

"नायलॉनच्या वाकळंत माणूस निजत न्हाय रं. शिजतंय."

माझं डोकं फिरलं. हातातलं पातेलं मी रस्त्यावर आपटलं. पातेल्याला मोठा पोचा पडला आणि ते गडगडत नालीपर्यंत गेलं. सारजाक्का सावकाश उठली, पातेलं आणलं, पदरानं पुसलं, उलटंपालटं करून बघितलं आणि अगदी मायेनं विचारलं, "आता पोचा पडला. ह्येच्यावर काय घेशील?"

एका फाटक्या टोपीवर मी ते पातेलं दिलं. डबाही गेला. त्या दिवसापासून ती मला पातेल्या म्हणायला लागली आणि तिच्यामागून सगळी माकणी. माझं खरं नाव तिथं अजून कुणाला ठाऊक नसावं.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग दोन वर्षांमागं पुण्याची मंडळी आली. शहरातल्या लोकांना खेडं दाखवायचं, असं त्यांचं काम. त्यांच्या प्रमुख एक मॅडम होत्या. जुनी पितळी भांडी शोधत त्या माझ्या दुकानात आल्या आणि मी ज्या वाकळेवर बसलो होतो तिच्याकडं बघून त्यांचे डोळे भरून आले. मी आधी उठून वाकळेला काही लागलंय का ते बघितलं. मग लक्षात आलं, हे कौतुक आहे. बाकीच्या गावांतून मी अशा वाकळा भांड्यांवर उचलत होतो आणि त्या गोदामात उंदरांच्या ताब्यात होत्या. मॅडम म्हणाल्या, त्या सगळ्या पुण्यात विकता येतील, वर्षभराचं काम होईल. फक्त आधी एक कार्यक्रम व्हायला हवा. धरणाच्या पाण्याकाठी, शरद ऋतूत, हातानं केलेल्या वस्तूंचा. मी विचारलं, "शरद म्हणजे ऑक्टोबर?" त्या म्हणाल्या, "हो, ते कोवळं सोनेरी ऊन." आमच्याकडं त्या उन्हात म्हशी पाण्याबाहेर येत नाहीत. पण गिऱ्हाईक उन्हाला कोवळं म्हणत असेल तर आपण भाव का पाडावा?

पहिल्या वर्षी त्यांनी माकणीच्या पाण्याकाठी दोऱ्या बांधून माझ्या वाकळा टांगल्या. प्रत्येकीला एक पुठ्ठ्याचं लेबल. दिवस नेमका घट बसायच्या आदला. पाहुणे गावात पिठलं-भाकरी खायला गेले, मीही गेलो. परत येऊन बघतो तर दोऱ्या रिकाम्या. वाकळा पाण्यात. सारजाक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून धोपाटण्यानं एकीला बडवत होती आणि दहाबारा बायका बाकीच्या तुडवत होत्या. लेबलं पाण्यावर तरंगत होती. कुठल्याशा लाल लुगड्याचा रंग उतरून काठचं पाणी पार कुंकवासारखं झालं होतं.

"आक्का, हे काय केलं?"

"घट उद्या बसायचं. आन् तू गावात मळक्या वाकळा टांगून ठिवल्यास. गावाला इज्जत हाय का न्हाय?"

"त्या बघायला ठेवल्या होत्या!"

"मळ का बघायची वस्तू हाय?"

मी ओरडायला तोंड उघडलं, पण मॅडम माझ्या आधी ओरडल्या, आनंदानं. मंडळींनी मोबाईल काढले. ओल्या वाकळा तरवडाच्या झुडपांवर पसरलेल्या, बायका पिळे घालतायत, मागं निळं पाणी. ते फोटो म्हणे फार लोकांनी बघितले. वाकळांकडं कुणी बघितलं नाही, धुण्याकडं सगळ्यांनी बघितलं. सारजाक्काला शाल मिळाली. तिनं ती जागच्या जागी चोळली आणि मॅडमना परत केली, "नायलॉन मिसळलंय, बाई. फसिवलं तुमाला." रंग गेलेल्या माझ्या वाकळांचं काय, हे तिनंही विचारलं नाही आणि त्यांनीही नाही.

गेल्या वर्षी मॅडमचा फोन आला. आता प्रदर्शन नको, फक्त धुणं हवं. पाहुण्यांना सुट्टी रविवारी असते, म्हणून नवरात्रातला मधला रविवार ठरलाय. तेवढं माकणीच्या बायकांकडून जमवा, मग वर्षभराचं काम तुमचं. मी शब्द दिला. मुरूमच्या बाजारात माझा शब्द खाली पडत नाही.

भादव्यात मी सारजाक्काकडं गेलो. ती खोकत होती, एवढ्या उकाड्यात वाकळ घेऊन ओसरीत पडली होती. सून मंगल शेजारी तूर निवडत होती. मी सगळं सांगितलं. आक्का म्हणाली, "घट बसल्यावर धुणं व्हत न्हाय."

"कुकर देतो. नवा. घरटी एक."

"शिट्टीचा?"

"शिट्टीचा."

"आन् हंडा?"

"हंडा पण."

"तांब्याचा?"

मी मनात तांब्याचा भाव काढला. मग म्हणालो, "तांब्याचा."

"मंगल, ऐक गं, पातेल्या तांब्याचा हंडा देतोय. लिहून घ्यायला पायजे." मग माझ्याकडं वळून, "समदं दे. तरी घट बसल्यावर धुणं व्हत न्हाय."

"एका दिवसानं देवी कोपते काय, आक्का?"

"देवीचं नाव कशाला घेतू? बायका नऊ दिस उपाशी असत्यात. भिजली वाकळ कधी उचललीस का? चार जणींचा जीव जातो. तुज्या पावण्यांनी फोटू काढावं म्हून उपाशी बाईनं का म्हून जीव काढावा?"

"मग माझ्या शब्दाचं काय?"

"डब्यात ठिव. झाकण लावून."

मी ताडकन उठलो. कुणाच्या ओसरीतून मी असा हात हलवत निघालेलो नाही. मंगल पाणी घेऊन मागं आली. मी प्यालो नाही. मॅडमना मी नकार कळवला नाही. रोजंदारीवर मुरूमच्या बायका न्यायच्या, गोदामातल्या वाकळा न्यायच्या, आणि धुणं करून दाखवायचं, असं मी मनाशी ठरवलं. पुण्याच्या माणसांना मुरूमची बाई आणि माकणीची बाई यांतला फरक काय कळतो? ऊन आणि कोवळं ऊन यांतला कळला नाही.

सारजाक्का पितरपाठात, घट बसायच्या आठवडाभर आधी गेली. दुकानात बातमी आली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतो. त्यानं मागितलेल्या भावात मी परात देऊन टाकली आणि शटर ओढलं. पण माकणीला गेलो नाही. ज्या ओसरीतून रागानं उठलो तिथं खांदा द्यायला कोणत्या तोंडानं जायचं, असं वाटलं, आणि राग काही गेलेला नव्हता.

ठरलेल्या रविवारी सकाळी टेम्पोत दोन रोजंदारीच्या बायका आणि वाकळांचा ढीग घालून मी पाण्याकाठी पोचलो. आणि बघतो तर जागा भरलेली. अख्ख्या काठावर वाकळा. तरवडावर, दगडांवर, बांधावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. पाण्यात बायका, धोपाटण्यांचा आवाज. मला वाटलं, आक्कानं जाता जाता विचार बदलला, बायकांना सांगून गेली. मी मंगलजवळ गेलो.

"आक्का सांगून गेल्या होत्या का?"

मंगलनं मान वर केली. "कशाचं सांगून? सुतक फिटलं आज. सगळ्या भावकीचं. आमचं घट ऱ्हायलं हुतं न्हवं, आता धुणं करून उद्या बसवायचं." मग म्हणाली, "तुमी कशाला आलाव?"

निम्मी माकणी सारजाक्काच्या भावकीतली. ती गेल्यामुळं निम्म्या गावाचे घट थांबले, घट थांबले म्हणून धुणं थांबलं, आणि सुतक नेमकं माझ्या रविवारी फिटलं. घरात घट नाहीत, तर उपासही नाहीत. तिनं घातलेली प्रत्येक अट पाळली जात होती आणि माझा शब्दही पाळला जात होता. कुकर नाही, हंडा नाही.

तेवढ्यात पुण्याची बस आली. पाहुणे उतरले, टोप्या घातल्या, आणि बायकांच्या मधे जाऊन फोटो काढायला लागले. एकानं टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाल्या, किती प्रसन्न वातावरण आहे. पाण्यातल्या बायका ओशाळून एकमेकींकडं बघत होत्या. पाहुण्याला हाकलायची आमच्याकडं रीत नाही. मंगलनं पदर तोंडावर ओढून घेतला. त्याचाही फोटो निघाला.

मॅडम माझ्याकडं आल्या. "तुम्ही शब्द पाळलात. मला वाटलं नव्हतं. आणि त्या आजी कुठं आहेत? शालवाल्या?"

"आहेत इथंच," मी म्हणालो. मंगल जी वाकळ तुडवत होती ती आक्काच्या अंगावरची होती.

"पुढच्या वर्षीही हाच रविवार धरूया का? आत्ताच ठरवलं तर बरं."

"धरा की," मी म्हणालो. "फक्त यंदाचं माणूस माकणीनं दिलं. पुढच्या वर्षी मरायला तुमच्यातलं कुणी बघा."

त्यांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग कुणीतरी त्यांच्या कानात आक्का गेल्याचं सांगितलं, आणि मोबाईल एकेक करून खिशात गेले. बस जेवायच्या आधीच परत निघाली. वर्षभराचं कामही तिच्यातच बसून गेलं. गोदामातल्या वाकळा अजून उंदरांकडं आहेत.

मी टेम्पोजवळ उभा होतो. मंगल आणि तिघी मिळून ती वाकळ पाण्याबाहेर ओढत होत्या आणि ती येत नव्हती. मी माझ्या दोघी बायकांना म्हणालो, "बसलात काय? रोजगार तर द्यायचाच आहे. धरा जाऊन." त्या गेल्या. तरी वाकळ निघेना. शेवटी विजार वर करून मी पाण्यात उतरलो आणि एक कोपरा धरला.

चार जणींचा जीव जातो म्हणाली होती. तिथंही तिनं माप कमीच सांगितलं. आम्ही सात जण होतो, आणि काठापर्यंत आणताना मधे दोनदा खाली ठेवावी लागली.