तो डाव ताईचाच होता

माझ्या बहिणीने चीटिंग केली नव्हती.

काल ती गेली. आज सकाळपासून ज्यांनी ज्यांनी "नाशिकची गुणी खेळाडू" म्हणत तिचे फोटो टाकलेत, त्यांनी पुढचं नीट वाचा.

संघमित्राताई. माझी मोठी बहीण. शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी चेसच्या टुर्नामेंट खेळायची.

काळे मोहरे मिळाले की लोक जपून खेळतात. ताई दुसऱ्याच चालीला एक प्यादं फुकट देऊन टाकायची. बुडापेस्ट गॅम्बिट म्हणतात त्या ओपनिंगला.

एकदा विचारलं, "ताई, भीती नाही वाटत?"

"एक प्यादं जातं रे. पण मग डाव मी चालवते, तो नाही."

तीन वर्षांपूर्वी, इथल्याच एका हॉलमध्ये, शेवटची फेरी. समोर मंदार. मोठं रेटिंग, घरी येणारा कोच. त्याने प्यादं घेतलं आणि चक्क हसला.

ताईने कोपऱ्यातला हत्ती बाहेर काढला आणि त्याच्या राजासमोर आणून उभा केला.

हसू गेलं. मग त्याने राजा आडवा केला, म्हणजे हार मानली.

त्याचे वडील तडक आयोजकांकडे. "हिच्याकडे मोबाईल असणार. हिला असलं कोण शिकवणार?"

हिला. असलं. कोण.
कळलं ना, काय म्हणायचं होतं ते?

ताईला बाथरूममध्ये नेलं. एका बाईंना झडती घ्यायला लावली. अंबाडासुद्धा सोडायला लावला. काहीही सापडलं नाही.

मोकळ्या केसांनी ती बाहेर आली. "पट मांडा. मी परत काळे घेते. हीच ओपनिंग खेळते. सगळ्यांसमोर."

मंदार जागचा हलला नाही.

आयोजक म्हणाले, "मॅडम, वाद नको." आणि तिचाच पॉइंट कापला.

त्यानंतर सिन्नर असो, निफाड असो, ती हॉलमध्ये शिरली की कुजबुज सुरू. आई म्हणायची, सोड ना आता. ताई जायचीच. तेच प्यादं द्यायची. केस मोकळे सोडून.

मग किडन्या गेल्या. डायलिसिसला नेताना मधूनच विचारायची, "त्यांचा फोन आला का रे? सॉरी वगैरे?"

नाही आला. एकाचाही नाही.

आज अमरधामला मंदार आला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, ताईंनी मला क्लीन हरवलं होतं. मला तेव्हाच माहीत होतं. पप्पांसमोर बोलता आलं नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग आता बोल. सगळे उभे आहेत. मोठ्याने बोल."

तो मागे वळला. मग गाडीत बसून निघून गेला.

म्हणून मी बोलतोय. तुझ्या नावासकट, मंदार.

ताई, तू जिंकली होतीस.

शेवटचा जय भीम.