न पाहिलेल्या पाठांवरच्या सह्या

परीक्षक मॅडमनी निरीक्षण वही उघडी करून माझ्यापुढं धरली.

“सर, हे सगळे पाठ तुम्ही पाहिलेत?”

“हो मॅडम.”

“पूर्ण तास बसून?”

“हो.”

वही अनिताची होती. अनिता दारातच उभी होती, हातात रिकामी काचेची बरणी घेऊन. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मी शहरातल्या एका बी.एड. कॉलेजात विज्ञान अध्यापन शिकवतो. बावीस वर्षं झाली. शिक्षक व्हायचं तर आधी पदवी लागते, मग दोन वर्षांचं बी.एड., मग टीईटी नावाची पात्रता परीक्षा. त्यानंतर भरतीची वाट बघायची. या सगळ्यात खरं शिकवणं येतं ते बी.एड.च्या सराव पाठांत. विद्यार्थी खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवतो. आमच्यापैकी एकानं मागच्या बाकावर बसून तो पाठ बघायचा आणि काय चुकलं ते वहीत लिहायचं. शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन एक पाठ बघतात. या अंतिम पाठात सहसा कुणी नापास होत नाही.

त्या दिवशी अनिताचा अंतिम पाठ होता. नववीचा वर्ग, विषय प्लवनशीलता. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. प्रयोग छान जमला. मुलं बाकावरून उठून बघायला लागली. तिनं विचारलं, “अंडं का तरंगलं?” आणि त्याच दमात उत्तरही दिलं. पुढच्या बाकावरच्या मुलीचा हात तसाच वर राहिला. पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर, दोन्ही तिचंच. मध्ये एक मुलगा म्हणाला, “मीठ अंड्याला वर ढकलतं.” अनिता म्हणाली, “बरोबर,” आणि पुढं गेली. तिनं ते चुकीचं उत्तर ऐकलंच नव्हतं.

चाळीस मिनिटांचा पाठ अठरा मिनिटांत संपला. मग ती फळा पुसत राहिली. फळा कोरा झाला तरी पुसत राहिली. मुलं हसायला लागली.

मॅडमनी वहीतलं एक पान वाचून दाखवलं. “वेळेचे नियोजन उत्तम. प्रश्नकौशल्य चांगले. हे तुम्हीच लिहिलंय. मग आज काय झालं हिला?”

खरं बोलायची ती वेळ होती. मी म्हणालो, “घाबरली असेल मॅडम. ग्रामीण भागातली आहे.”

अनिता पिशोरकडची. वडील मेंढरं राखतात. घरातली पहिली पदवीधर, तीही बी.एस्सी. फर्स्ट क्लास. मी ज्यांना शिकवलं त्यांत विषयाची एवढी पक्की जाण फार थोड्यांना होती.

ते पाठ मी पाहिले नव्हते. शाळा फुलंब्रीच्या पुढं होती. मी स्कूटरवर जायचो, हे खरं. पण गेलो की मुख्याध्यापकांच्या खोलीत बसायचो. चहा यायचा, गप्पा व्हायच्या. पोरं वह्या आणून द्यायची. त्यांच्या टाचणावर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यावर, नजर टाकून मी शेरे लिहायचो. टाचण चांगलं असलं की शेरा चांगला. अनिताचं टाचण सगळ्यांत चांगलं असायचं.

एकदा ती वही घेऊन परत आली होती.

“सर, तुम्ही ‘फलकलेखन सुवाच्य’ लिहिलंय.”

“मग?”

“आज आम्ही पटांगणात बसलो होतो. तिथं फळाच नव्हता.”

मी हसलो. “नजरचुकीनं झालं गं,” म्हणून ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘अध्ययन वातावरण आनंददायी.’

ती गेली नाही. म्हणाली, “सर, एकदा मागं बसून बघा ना. माझा पाठ लई लवकर सरतोय. काय चुकतंय कळंना.”

“सवयीनं जमेल,” मी म्हणालो. समोरचा चहा निवत होता.

अनिता नापास झाली. आमच्या बॅचमधली एकटीच. कन्नड तालुक्यातल्या एका शाळेनं जूनपासून ये म्हणून सांगितलं होतं. त्यांना गुणपत्रक हवं होतं. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडं गेलो. म्हणालो, “सर, मी पाठ न बघता सह्या केल्यात. चूक तिची नाही.”

त्यांनी आधी उठून दार लावलं. “हे लेखी देणार का तुम्ही?”

मी खुर्ची मागं सरकवली.

“मग मलाही सांगू नका. कोण बघतं हो सगळे पाठ? ती सहा महिन्यांनी पुन्हा बसेल. काही बिघडत नाही.”

मी उठून बाहेर आलो. लेखी दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही.

अनिता फेरपरीक्षेचा फॉर्म भरायला आली तेव्हा मी तिला बाजूला बोलावलं. “चुकलं माझं,” एवढं म्हणालो.

तिनं फॉर्मची घडी घातली. मग म्हणाली, “सर, खेड्यातली हाये म्हणून अठरा मिनटात पाठ सरला व्हय?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग मॅडमला तसं कामून सांगितलं?”

याचं उत्तर माझ्याकडं होतं. मी एवढंच विचारलं, “सरावाला पुन्हा पाठ घेशील? मी बसतो.”

तिनं लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवसांनी फोन करून शाळेचं नाव आणि तासाची वेळ सांगितली, बाकी काही नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा तिचा सराव पाठ पाहिला. मागच्या बाकावर, घड्याळ हातात धरून. प्रश्न विचारल्यावर ती दोन सेकंदही थांबत नव्हती. वर्ग गप्प झाला की तिला वाटायचं, आपल्याला शिकवता येत नाही. म्हणून ती शांतता ती स्वतःच्या उत्तरानं भरून टाकायची. तास संपल्यावर मी म्हणालो, “प्रश्न विचारलास की मनात पाच आकडे मोज. मग एका मुलाचं नाव घे. उत्तर पूर्ण ऐक.”

“एवढंच?”

“एवढंच.”

दुसऱ्या पाठाला मुलं बोलायला लागली. तिसरा पाठ घंटा झाली तरी संपेना.

वही मिटता मिटता ती म्हणाली, “सर, हे दोन वर्षांत एकदा सांगायला काय झालतं?”

ती आवाज चढवून बोलली नव्हती. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

सहा महिन्यांनी अनिता पास झाली, गुणही चांगले पडले. आता ती वेरूळजवळच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला तिला बोलावणं गेलं होतं. ती आली नाही.

आता मी प्रत्येक पाठाला बसतो. एका दिवसात दोनच पाठ होतात, त्यामुळं यादी मागं पडते आणि मला बोलणी खावी लागतात. नवे सहकारी विचारतात, सर, एवढं कशाला? मी काही सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही मोठं नाही. मागच्या बाकावर चाळीस मिनिटं बसायचं आणि जे दिसेल ते लिहायचं, एवढंच माझं काम होतं. पगारही मला त्याचाच मिळत होता.