हेडला लावलेले तीन ठिपके

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही पानं कोणाच्या हातात पडलीच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत माझी जीभ वळत नाही. कागदावर मात्र कोणी मध्ये बोलत नाही, म्हणून लिहिते.

आमच्याकडे एक जुनी डिझेलची गाडी आहे. नऊ माणसं बसतात, बाजाराच्या दिवशी त्याहून जास्त. शेवगाव आमच्या गावापासून जवळ, पण एसटीचा भरवसा नाही. त्यामुळे लोक आमच्या गाडीनेच जातात. लग्नसराईत वऱ्हाड, अधूनमधून शिर्डीची भाडी. मालक, म्हणजे माझे यजमान, गाडी चालवतात. ती घेताना माझी बोरमाळ आणि पाटल्या मोडल्या होत्या. कागद त्यांच्या नावावर आहेत, पण मी तिच्याकडे माझी म्हणूनच बघते. जमीन थोडी, तीही जिरायत. गाडी उभी राहिली की चूलही थंड.

गाडीत पाणी भरायचं काम माझं. दिवाळी झाली आणि रेडिएटरला रोज पाणी लागू लागलं. आधी तांब्याभर, मग कळशीभर. मालक म्हणाले, जुनी गाडी आहे, पिणारच. मी गाडीखाली वाकून बघितलं. जमीन कोरडी. संध्याकाळी खाली चुलीतली राख पसरून ठेवली. सकाळी राखेवर एक थेंबही पडलेला नव्हता. गळत नाही, सांडत नाही, मग पाणी जातं कुठे? माझ्या मनात भलतंच आलं. मला वाटलं, गाडी सांगतात त्याहून लांब जात असणार. शेवगाव सांगून नगरला जात असतील, आणि वरचे पैसे घरी येत नसतील. मी काही विचारलं नाही. नुसती त्यांच्या चपलांकडे आणि खिशांकडे बघत राहिले.

मग एक दिवस गाडी मागून पांढरा धूर सोडू लागली. मालकांनी ऑइलची पट्टी ओढून बघितली आणि मला हाक मारली. पट्टीवर ऑइल नव्हतं, दुधाचा चहा वाटावा असं काहीतरी होतं.

"पानी ऑइलात जातंय," ते म्हणाले. तोंड एवढंसं झालं होतं.

त्यांनी दाजींना फोन लावला. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. नगरजवळ नागापूरला एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. ते रविवारी चर्चमधली उपासना आटोपून मोटारसायकलवर आले, आणि बॉनेट उघडून वास घेतल्यासारखं केलं.

"हेड गॅसकेट गेलंय, पावनं. इंजनाच्या वर हे जड झाकण हाय ना, ते हेड. त्याच्या खाली पातळ पत्रा असतो, तो जळलाय. गॅरेजवाला तुमाला सोलून काढील. मी हितंच अंगनात करून देतो. सामानाचं तेवढं मी घालतो, तुमी सावकाश द्या."

मजुरी नाही, सामानाचेही सावकाश. मी दाराआडून ऐकत होते. एवढं स्वस्त कोणी करत नाही. त्यात मागच्याच वर्षी वन्संनी बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडून दिला होता. तहसिलीत एक शब्द न बोलता सही केली आणि चहा पिऊन गेल्या. तेव्हापासून मला वाटत होतं, एवढं सहज कोणी सोडत नाही, कुठून तरी भरून घेणारच.

दाजींनी काम मात्र नीट सुरू केलं. आधी सगळं पाणी आणि ऑइल माझ्या जुन्या घमेल्यात काढलं. हेडचे बोल्ट काढताना बाहेरच्या कडेपासून आत आले, आणि प्रत्येक बोल्ट बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात भोक पाडून ज्या जागेचा त्या जागी खोवला. मग दोघांनी मिळून हेड उचललं आणि फळीवर आडवं ठेवलं. जुनं गॅसकेट मधल्या दोन भोकांच्या मध्ये काळं पडून तुटलं होतं. दाजींनी हेडच्या सपाट बाजूवर लोखंडी पट्टी उभी धरली आणि पट्टीखाली एक पातळ पातं सरकवलं. मधोमध पातं आत गेलं.

"वाकलंय. तापलं तवा वाकलं. आता फेसिंगला न्यावं लागंल, नागापूरला. मशीनवर सपाट करून आनतो."

म्हणजे हेड आमच्या अंगणातून जाणार.

जाऊबाईंचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. त्या कुंपणाशी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पाण्याला गेले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"जाऊ देनार हायेस व्हय त्यो भाग? माझ्या भावाच्या गाडीचा असाच नेला हुता. चांगला गेला आन् भंगारातला आला."

"आवं, ते दाजी हायेत," मी म्हटलं.

"मग तर इचारायलाच नको. परक्याला बोलता तरी येतं."

ते मला एकदम पटलं.

आमच्या ख्रिस्ती वस्तीत नाताळाच्या आधी सगळ्यांचं मिळून प्रीतिभोजन होतं. घरोघरच्या पराती, ताटं, बादल्या चर्चमध्ये जातात. कोणाचं भांडं कोणाकडे जाऊ नये म्हणून प्रत्येक घर आपल्या भांड्याला नेलपॉलिशची खूण करतं. जाऊबाईंची हिरवी रेघ, आमचे तीन लाल ठिपके. खूण नेहमी बुडाला करायची. वरून लावली तर भांडं वाईट दिसतं, आणि परत आणताना सगळ्या बायका भांडी पालथी घालूनच ओळखतात.

पुरुष चहाला आत बसले तेव्हा मी नेलपॉलिशची बाटली पदरात घेऊन अंगणात गेले. हेडच्या वरच्या बाजूला नुसते खाचखळगे, स्प्रिंगा आणि काळा चिकटा. सपाट बाजू मात्र परातीच्या बुडासारखी होती. तिथेच डिझेलच्या बोळ्याने पुसलं, पदराने कोरडं केलं आणि कडेला तीन ठिपके लावले. सुकेपर्यंत फुंकर घातली आणि आत जाऊन कपबशा उचलल्या. कोणाला काही कळलं नाही. खूप दिवसांनी जीव शांत झाला.

दाजींनी हेड गोणपाटात गुंडाळलं, मोटारसायकलला मागे बांधलं आणि गेले. बुधवारी आणतो म्हणाले होते. बुधवारी फोन आला, मशीनवर गर्दी आहे. शुक्रवारी फोनच लागला नाही. गाडी अंगणात तोंड उघडून उभी. एक शिर्डीचं भाडं परत गेलं. लग्नसराई तोंडावर होती, दोन वऱ्हाडांचा विसार मालकांनी घेऊन ठेवला होता. ते रोज गाडीवर फडकं झाकत आणि काढत. जाऊबाई रोज कुंपणाशी येत.

"आलं का गं?"

"न्हाई."

"येईल की. काहीतरी येईलच."

पुढच्या रविवारी दाजी आले, आणि या वेळी वन्संही बरोबर. वन्संनी येताना माझ्यासाठी मेथीची जुडी आणली होती. मी ती घेतली, पण डोळे गोणपाटावर. दाजींनी गाठ सोडली आणि हेड फळीवर पालथं केलं. सपाट बाजू नव्या ताटासारखी चकचकीत. ठिपके नव्हते. मी या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. एकही नाही. मागचा काळा चिकटाही नव्हता, हेड सगळीकडून धुतल्यासारखं स्वच्छ.

मी मालकांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"ते आपलं हेड न्हाई."

"काय बोलतीस?"

"मी खून केली हुती. न्हाई ती."

"गप बस. माझा दाजी हाय तो. आईकलं तर काय म्हनंल?"

ते बाहेर गेले. मी भाकरी थापायला बसले, कान मात्र अंगणात होते. बाहेर नवं गॅसकेट इंजिनवर ठेवल्याचा आवाज आला. आता दोघं हेड उचलतील, बोल्ट बसतील, आणि मग कोणाला काय दाखवणार? माझ्या पाटल्या भंगारात गेल्या, असंच मला दिसत होतं. मी पिठाच्या हातानेच बाहेर आले आणि हेडवर हात ठेवला. दाजींसमोर त्याआधी मी मान वर करून बोलले नव्हते.

"हे आमचं न्हाई."

दाजींना कळलंच नाही. "काय न्हाई, वैनी?"

"हेड. आमच्याला खून हुती. लाल. ह्याला न्हाई."

वन्सं ओट्यावरून उठल्या. "म्हंजी? माझ्या नवऱ्यानं बदललं म्हनता? तोंड उघडत न्हाईत म्हनून आमी तुमाला गरीब समजत हुतो, वैनी. मनात हे हुतं व्हय?"

"थांब गं," दाजी म्हणाले. "वैनी, खून कुठं केल्ती?"

"बुडाला."

"बुडाला कुठं?"

मी सपाट बाजूवर बोट ठेवलं. दाजी माझ्या बोटाकडे बघत राहिले. मग त्यांना असं हसू आलं की ते फळीवरच बसले.

"आवं, तीच बाजू घासायला नेल्ती की! मशीननं वरचा थर काढला, त्याबरूबर तुमची खूनबी गेली. आन् बाकीचं गरम पान्यात उकळून धुतलंय."

मालकही हसायला लागले. कुंपणापलीकडून जाऊबाईंचाही आवाज आला. मी हात काढला नाही. घासलं असेल. पण घासलं तर हेच घासलं कशावरून? दुसरं घासलं असेल तरी ते असंच दिसेल. तोंडाने एवढं बोलता आलं नाही, पण मालकांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांचं हसू थांबलं. त्यांनी हेड बाजूला कलतं केलं.

"हितं बघ. हा कान माझ्या हातनं मोडला हुता, गाडी घेतली त्या वर्षी. शेवगावात पितळंनं जोडून आनला. हे पिवळं दिसतंय का?"

लोखंडाच्या एका कानाभोवती पितळेची वेडीवाकडी कड होती. मला ती कधी माहीत नव्हती. मी फक्त बूड बघत होते. मी हात काढला. हेडवर पिठाची पाच बोटं उमटली होती. दाजींनी ती फडक्याने पुसली आणि म्हणाले, "बरं झालं बोलल्या. मनात ठिवलं असतं तर जन्मभर माझ्याकडं तसंच बघितलं असतं."

वन्संना हसू आलं नव्हतं.

दाजींनी हेड बसवलं. या वेळी बोल्ट मधून सुरू करून बाहेर गेले, पापड मधून लाटत नेतात तसे. आधी सगळे थोडे, मग अजून थोडे, शेवटी मोठ्या पान्याने कट् आवाज येईपर्यंत. ऑइल नवं भरलं. गाडी सुरू झाली, आधी खोकली, मग नीट बोलू लागली. धूर नाही.

वन्सं जेवल्या नाहीत. मोटारसायकलवर बसल्यावर भावाला म्हणाल्या, "दादा, ह्यांनी सावकाश द्या म्हनलं हुतं, ते इसर. जिथं भरवसा न्हाई तिथं उधारीबी नको. गॅसकेटचं, फेसिंगचं, ऑइलचं, सगळं लवकर पायजे."

"आगं," दाजी म्हणाले.

"गाडी काढा तुमी."

मी पुढचे कितीतरी दिवस रोज सकाळी रेडिएटरचं झाकण काढून बोट घालून बघत होते. पाणी होतं तिथेच होतं. तरी मी राख पसरायची सोडली नाही. राखेवर नुसते मांजराचे पाय उमटत.

त्या वर्षी वन्सं प्रीतिभोजनाला आल्या नाहीत. नाताळाला दाजी एकटेच केक घेऊन आले आणि मला "वैनी, ह्याच्या बुडाला खून हाय का बघा," असं म्हणाले. मी हसले, पण डबा हातात घेताना तो उलटा करायचं माझ्या मनात आलंच.

विसार घेतलेली दोन्ही वऱ्हाडं गेली, मग आणखी मिळाली. प्रत्येक भाड्यातून थोडे बाजूला काढून मालक नागापूरला पोचवत. दाजी घ्यायला नको म्हणत, वन्सं हात पुढे करत. शेवटचे पैसे द्यायला मी स्वतः गेले. मालकांनी गाडी त्यांच्या चाळीसमोर उभी केली आणि ते खालीच थांबले.

वन्संनी दार उघडलं. बसा म्हणाल्या. पाणी दिलं. मी पदराची गाठ सोडून नोटा पुढे केल्या. त्यांनी त्या घेतल्या, मोजल्या, परत मोजल्या. मग त्यांतली मोठी नोट खिडकीकडे धरून नीट निरखून बघितली, पुढून आणि मागून.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता आमचं तुमच्याकडं काही न्हाई."

मी पेला धुऊन पालथा ठेवला आणि खाली उतरले. पैसे पुरते फिटले.