हरणाबाईची भिंत

सत्त्याहत्तरच्या निवडणुकीत कुंडलच्या हरणाबाईच्या भिंतीवर पुढाऱ्याच्या माणसांनी तिला न विचारताच पक्षाचं चिन्ह रंगवलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच चिन्हावर गोवऱ्या थापायला लागली. माणसं धावत आली. "मालकाची लेखी परवानगी लागती, ती आमच्याकडं हाय," म्हणत त्यांनी तिच्या दिराच्या सहीचा कागद नाचवला.

"दीर कवापासनं मालक झाला? नवरा गेल्यावर ही भिंत म्या एकटीनं उभी केली. मत मागायला माझ्या दारात येता, मग भिंत मागायला दिराकडं का गेलासा?"

"बरं मावशी, मग तुमी सही करा."

"आना कागद."

हरणाबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं शेणानं भरलेला हात दिराच्या सहीवरच दाबला. पाची बोटं उमटली.

"आता खाली लिवा, मालकीण न्हाई म्हनती."