जवाई पाटावर उकिडवा

माझं नाक डावीकडे वळलेलं आहे, आणि देवानं ते तसं केलेलं नाही.

सगुणा, म्हणजे माझी बायको, गेली. घरात आता बोलायला कोणी नाही, म्हणून शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला मी लिहायला बसलो आहे. चुका दिसल्या तर गिळून घ्या. ती बिचारी जन्मभर गिळत आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोंदियाजवळ बिरसीला विमानांची धावपट्टी झाली. तिथल्या बराकींवर मी कवेलू, म्हणजे कौलं, चढवत होतो. खालचा माणूस कवेलू फेकतो, वरचा छपरावर उकिडवा बसून झेलतो. वरचा म्हणजे मी. (खालच्याला निदान पडायची भीती नसते!) तिथे गोऱ्या अमेरिकन शिपायांची एक तुकडी बेसबॉल खेळायची. त्यांचा झेलणारा गडी हिवतापानं पडला आणि लाल मानेच्या त्यांच्या हवालदारानं मला छपरावरून खुणेनं खाली बोलावलं. काम सोपं होतं. एक गोरा चेंडू फेकतो, दुसरा दांडका फिरवतो, आपण दांडकेवाल्याच्या मागं बसून चेंडू झेलायचा. दांडका हुकला तर चेंडू माझा. नाही हुकला तर कधी चेंडू माझा, कधी दांडका माझा! तोंडाला तारेची जाळी द्यायचे, पण ती गोऱ्या तोंडाच्या मापाची. माझं तोंड तिच्यात फिरायचं. असंच ते एकदा भलतीकडे फिरलं आणि चेंडूनं नाक मोडलं.

नेमकी तेव्हाच सगुणा भावाच्या लग्नासाठी माहेरी, सडक अर्जुनीला गेलेली. तिला आणायला मी पोचलो तो सुजलेलं नाक आणि मिटलेला डोळा घेऊन. सासरे बाजेवर बसले होते.

"काऊन जवाई, कोणाशी मारामारी करून आले?"

"मारामारी नाही मामाजी. खेळून राहिलो होतो."

"लगन झालेला माणूस खेळते?"

"गोऱ्याईसंग. चेंडू लागला."

"चेंडू नाक मोडते? दारू पिऊन भांडले असान, सीधं सांगा ना!"

दाराआडून सगुणा म्हणाली, "बाबा, थे खरंच खेळते. गोरे पगारबी देते."

"मार खायाचा पगार? कोणतं सरकार देते?" सासरे उठून उभे राहिले. "पोरगी नाही पाठवत! आज याचं नाक मोडलं, उद्या हा माह्या पोरीचं मोडन!"

बायको माहेरी ठेवून रिकामा परतलो असतो तर गावात तोंड कुठं दाखवणार? (होतं ते तोंडही दाखवण्यासारखं नव्हतं!) मी म्हटलं, "मामाजी, खेळून दाखवतो."

ही माझी घोडचूक. सासऱ्यांच्या हाती धान कांडायचं मुसळ दिलं. चेंडू म्हणून कवठ घेतलं. माझा साळा सखाराम फेकायला उभा राहिला, आणि मी सासऱ्यांच्या मागं उकिडवा बसलो. कुंपणाशी गाव गोळा झालं.

"जवाई कायले बसला तिथं?"

"आशीर्वाद मांगून राहिला असन!"

एवढ्यात सासूबाई ओरडल्या, "अरे, जवाई मातीत बसला! पाट द्या त्याईले!" जवायाला भुईवर बसू देणं म्हणजे घराची नाचक्की. शेणानं ताज्या सारवलेल्या अंगणात माझ्या पायाखाली गुळगुळीत सागवानी पाट आला. मी नको नको म्हणत त्यावर बसलो.

सखारामनं कवठ फेकलं. मुसळ हुकलं, मी झेललं. लोक हसले. सासऱ्यांना ते लागलं. "अजून टाक!" म्हणाले. पुन्हा हुकलं. "टाक म्हणतो ना!" तिसऱ्यांदा त्यांनी मुसळ असं गरकन फिरवलं, की ते सगळी वाट फिरून मागं आलं. मी चुकवायला गेलो तर पाट सरकला. मुसळ कानशिलावर, कवठ कपाळावर, आणि मी तुळशीच्या ओट्याशी!

सासऱ्यांच्या हातून मुसळ गळालं. मी मात्र सवयीनं रांगत आलो, पाट जागेवर ठेवला, पुन्हा उकिडवा बसलो आणि म्हटलं, "काही नाही मामाजी, चालू द्या."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "मुसळ खाऊन हा चालू द्या म्हणते! हा का कोणाले मारन? पाठवा पोरीले. त्या घरात कोणी मार खाल्लाच, त हाच खाईन!"

सगुणा आली. शिपाई पुढं निघून गेले, मग मी गोंदियाच्या रेल्वेबाबूंच्या क्रिकेटमध्ये यष्टीमागं बसलो, तिथून एका मालगुजार जमीनदाराच्या संघात. गुडघे गेले तेव्हा गावच्या पोरांचा खेळाचा मास्तर झालो. एकही संघ माझ्यामुळं जिंकल्याचं कोणी सांगत नाही. पण बायको मात्र आपण खेळून जिंकून आणली, या तोऱ्यात मी सारा जन्म काढला.

ती शेवटच्या आजारात खाटेवर होती तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी माझा खेळ पाहून आली ना?"

"खेळ कायचा!" ती म्हणाली. "बाबा चौथ्यांदा मुसळ उचलून राहिले होते. मी पेटी घेऊन बाहेर नसती निघाली, त तुम्ही पाटावरून उठलेच नसते!"

खरं आहे. झेलायचं गोऱ्यांनी शिकवलं, उठायचं कोणी शिकवलंच नव्हतं.