नकोमावशी आणि नऊ उश्या

आमच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाच्या कानावर पहिला शब्द पडायचा तो 'नको'. पाळणा मागितला की मावशी म्हणायच्या, "हा नको. गज एकमेकांपासून लांब आहेत, मधे डोकं अडकेल." पांगुळगाडा मागितला की, "तो तर मुळीच नको. पायात बळ यायच्या आधी चाकं कशाला?" खुळखुळा उचलला की एप्रनच्या खिशातून पुठ्ठ्याची नळी काढायच्या आणि खुळखुळ्याचा सुटा मणी तिच्यातून सोडून दाखवायच्या. "नळीतून गेला म्हणजे घशातूनही जाईल. ठेवा तो खाली." म्हणून त्यांचं नाव नकोमावशी. त्यांच्या तोंडावर कोणी तसं म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं.

मी कपड्यांच्या काउंटरवर होते. झबली, टोपडी, दुपटी, लाळेरी. समोरचा काउंटर त्यांचा : बाटल्या, वाट्या-चमचे, चोखण्या, उंच खुर्च्या, बाबागाड्या. नऊ वर्षं आम्ही अशा समोरासमोर उभ्या होतो.

दुकानात येण्याआधी मावशींनी अकरा वर्षं एका इस्पितळात तान्ह्या बाळांच्या विभागात बाटल्या धुतल्या होत्या. उकळत्या पाण्यात सतत हात, त्यामुळे बोटांची टोकं कायमची पांढरट. कुठल्या बाटलीच्या कुठल्या खाचेत दूध अडकून आंबतं, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. पोटफुगी होऊ नये म्हणून सात तुकड्यांची एक महागडी बाटली आमच्याकडे यायची. ती उलगडून त्या काउंटरवर मांडायच्या आणि बाळाच्या बापाला विचारायच्या, "हे सात तुकडे दिवसातून आठ वेळा कोण घासणार? तुम्ही?" बाप हसला की म्हणायच्या, "मग रुंद तोंडाची साधी बाटली न्या, आणि सहा महिन्यांनी वाटी-चमचा. सात तुकडे म्हणजे जंतूंना सात खोल्या."

थोरल्या मालकांना नात झाली तेव्हा ते आपल्याच दुकानातली टोपली भरून इस्पितळात गेले होते. मावशींनी त्यातलं अर्धं सामान बाहेर काढून त्यांच्या हातात दिलं. "हे परत न्या. आणि कुठल्या दुकानातून आणलंत तिथे सांगा, माणसाला लाज असावी." मालक आधी चिडले, मग खो खो हसले, आणि महिन्याभरात मावशी आमच्या दुकानात आल्या. लोक कमी वस्तू घेऊन जायचे, पण पुन्हा यायचे आणि येताना बहिणीला, जावेला घेऊन यायचे.

मावशी चिडक्या होत्या, पण आईबापांवर त्या कधी चिडल्या नाहीत. त्यांचा राग असायचा खोक्यांवरच्या शब्दांवर. "ही बाई बघ," एकदा गिऱ्हाईक गेल्यावर त्या म्हणाल्या, "चार रात्री झोपलेली नाही. तिला काय हवं ते तिलाच कळत नाही. थकलेल्या बाईला लुटणं सगळ्यात सोपं, आणि ही खोकी छापणारे नेमकं तेच धरून बसलेत."

मग थोरल्या मालकांचे गुडघे गेले आणि दुकान त्यांच्या लेकीकडे आलं. आम्ही तिला ताई म्हणायचो. ताई वाईट नव्हती. हुशार होती, घाईत होती, आणि तिला दुकान मोठं करायचं होतं. तिनेच ती उशी आणली.

हातभर लांबीची, पिवळी, मऊ, ससा काढलेली उशी. तिच्या मध्यावर कापडी पट्ट्याचं एक कडं. कड्यात दुधाची बाटली अडकवायची, उशी बाळाच्या छातीशी ठेवायची, की बाटली आपोआप बाळाच्या तोंडात. खोक्यावर हसऱ्या बाईचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात : आईचे हात मोकळे.

मावशींनी खोकं उघडलं, कडं ओढून पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाची शीर उठली.

"ताई, हे परत पाठवा."

"का? सगळीकडे चाललंय."

"बाळाला दूध नको झालं तर ते तोंड बाजूला करतं. ही उशी करू देत नाही. दूध गळतच राहतं. ते नाकात जातं, श्वासात जातं. खोकायलाही जागा नाही त्याला."

"मावशी, तुम्ही जुन्या जमान्यातल्या. आता आया एकट्या असतात घरात."

"जमाना नवा असेल. बाळाचा घसा जुनाच आहे ना?"

मला हसू आलं. ताईला नाही आलं. तिने मावशींना मागच्या खोलीत मालाची खोकी फोडायला आणि चिठ्ठ्या चिकटवायला पाठवलं, आणि बाटल्यांचा काउंटर माझ्याकडे दिला. "गिऱ्हाइकासमोर एक शब्द बोललात तर दुसऱ्या दिवशी येऊ नका," असं मावशींना स्वच्छ सांगितलं. मावशींचा नवरा पाठीच्या दुखण्याने वर्षभर अंथरुणाला खिळलेला. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. त्या मागच्या खोलीत गेल्या.

उश्या मी विकल्या. हे लिहिताना अजून माझे कान तापतात. दीड महिन्यात नऊ.

नववी घ्यायला जुळ्यांची आई आली. एक मूल छातीला बांधलेलं, एक गाडीत, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. "दोघं एकदम रडतात हो," ती म्हणाली. "दोन हात पुरत नाहीत. ही उशी बरी आहे का?"

मागच्या खोलीच्या दारात मावशी खोकं घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे. ओठ घट्ट मिटले आणि आत वळल्या. मी म्हणाले, "हो, बरीच खपते." आतून खोक्याची पट्टी टरकन फाडल्याचा आवाज आला. मग दुसरी, मग तिसरी.

तीन आठवड्यांनी ती बाई पुन्हा आली. या वेळी एकच मूल. डोळे सुजलेले.

"दूध अगदी हळू येईल असं बाटलीचं रबरी बूच आहे का? सगळ्यात बारीक भोकाचं?"

मी विचारलं, दुसरं बाळ कुठे आहे. तिने सांगितलं. एकाचं दुपटं बदलायला ती आतल्या खोलीत गेली होती. दोन मिनिटं. परत आली तर उशी लावलेलं बाळ निळं पडलेलं आणि बाटलीतून दूध चाललेलंच. सासू अंघोळ अर्धी टाकून धावली, बाळाला हातावर पालथं घेऊन पाठीत थापट्या मारल्या, म्हणून श्वास आला. फुप्फुसात दूध गेलेलं. आठ दिवस इस्पितळात. जगलं. उद्या घरी सोडणार होते.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी बूच मोठ्या भोकाचं लावलं असणार. म्हणून आता बारीक घेते. उशीतून हळूहळू देईन."

मावशी कधी बाहेर आल्या मला कळलं नाही. त्या तिच्यासमोर उभ्या होत्या.

"तुमचं काय चुकलं?" त्या ओरडल्याच. "जुळ्यांना एकटीने पाजलंत, हे चुकलं? खोक्यावर छापलंय त्यावर विश्वास ठेवलात, हे चुकलं? बुचाचा काही दोष नाही. ही उशीच वाईट आहे. मला माहीत होतं. तुम्ही घेत होतात तेव्हा मी त्या दारात उभी होते, आणि नोकरीसाठी तोंड शिवून बसले."

त्या बाईला आधी काही उमगलं नाही. मग तिचा चेहरा बदलला. "तुम्हाला माहीत होतं?" ती हळू म्हणाली. मग मोठ्याने, "तुम्हाला माहीत होतं?" तिने हातातलं बूच मावशींच्या अंगावर फेकलं आणि गाडी वळवून निघून गेली.

मावशींनी कात्री घेतली. मांडणीवर पाच उश्या उरल्या होत्या. एकेक काढून त्यांनी तिचं कडं मुळापासून कापलं. ताई गल्ल्यावरून धावत आली. "वेड लागलंय का तुम्हाला?"

"आता विका," मावशी म्हणाल्या आणि उश्या तिच्यासमोर आपटल्या. "बाहुल्यांना होतील."

"त्या बाईने लक्ष ठेवायला हवं होतं! खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, बाळाला एकटं सोडू नका म्हणून."

"मोठ्या अक्षरात हात मोकळे आणि बारीक अक्षरात सोडू नका! मग हात मोकळे करून त्या बाईने करायचं काय, बाळाजवळ बसून टाळ्या वाजवायच्या?"

मावशींची नोकरी तिथेच संपली. जाताना त्यांनी माझ्याकडे घरपोच मालाची वही मागितली. उश्या घेणाऱ्या नऊही घरी कधी ना कधी काहीतरी घरपोच गेलं होतं; मी ते पत्ते उतरवून दिले. तेवढं तरी मी केलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर निघाले. पहिल्या सहा घरी फार बोलावं लागलं नाही. दोघींनी तर उशी कपाटात टाकून दिली होती, ती लावली की बाळ रडतं म्हणून. "बाळाला कळलं," मावशी पुटपुटल्या.

सातव्या घरी तरणा बाप होता. "आम्ही लक्ष ठेवतो," तो म्हणाला. "तुम्हाला कोणी पाठवलंय?"

"कोणी नाही. पाण्याची बाटली आणा."

तो हसत घेऊन आला. मावशींनी त्याला खुर्चीत बसवलं, मान मागे करायला लावली, हात पाठीशी धरायला सांगितलं आणि त्याच्या तोंडात पाणी ओतायला सुरुवात केली. दुसऱ्या घोटाला त्याचे हात सुटले आणि त्याने बाटली दूर ढकलली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी.

"तुम्ही ढकललीत," मावशी म्हणाल्या. "त्याला ढकलता येईल?"

त्याने उशी आणून दिली.

आठव्या घराचं दार आमच्या तोंडावर आपटलं. मावशी तिथे पुन्हा चार वेळा गेल्या. शेवटी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली. त्या घरात पुढे काय झालं, मला आजही माहीत नाही.

नववं घर जुळ्यांच्या आईचं. तिने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"माफी मागायला आला असाल तर जा."

"नाही," मावशी म्हणाल्या. "माफी मागून बाळाचा काय फायदा? उशी आहे का?"

"आहे. इस्पितळाचे कागदही आहेत." ती आतून एक कोरा कागद घेऊन आली. "तुम्हाला काय काय माहीत होतं ते लिहून द्याल?"

मावशींनी तिथेच, दारात उभ्या उभ्या, भिंतीला कागद लावून लिहिलं. मग दोघी मालतपासणीच्या सरकारी कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबाने कागद वाचून म्हटलं, "बाई, हे तर तुम्ही स्वतःविरुद्धच लिहिलंय."

"हो. नीट वाचा आणि शिक्का मारा."

साडेचार महिने फेऱ्या झाल्या. कागद हरवला, साहेब रजेवर गेला, दुसरा आला, त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं. मावशी दर वेळी आवाज चढवायच्या आणि जुळ्यांची आई त्यांच्या शेजारी न बोलता बसायची. शेवटी हुकूम निघाला. उशी आमच्या गावातल्या सगळ्या दुकानांतून उचलली गेली. ताईने तोवर ती स्वतःच मांडणीवरून काढली होती, पण त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही.

वर्षभरात तीच उशी दुसऱ्या नावाने आली. ससा जाऊन ढग आला. कडं तेच. मी तो माल गाडीवरून उतरूच दिला नाही. ताईशी माझं कडाक्याचं भांडण झालं. तिने मला काढलं नाही, का ते तिचं तिला ठाऊक. मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या आता काम करतात त्या पाळणाघराच्या स्वयंपाकघरात होत्या, एका दीड वर्षाच्या पोरीला मांडीवर घेऊन वाटीतला कुस्करलेला बटाटा भरवत. त्यांचा चेहरा लाल झाला, पण चमचा हलला नाही. पोरीने घास गिळेपर्यंत त्या थांबल्या.

"कंपनीचा पत्ता आणलास?" त्यांनी विचारलं.

जुळ्यांच्या आईने त्यांना माफ केल्याचं मी ऐकलेलं नाही. पण त्या नव्या तक्रारीवर पहिली सही तिची आहे, दुसरी मावशींची, आणि तिसरी माझी.