काचेच्या नळीत वामनकाका

वामनकाका तायडे कधी बसत नसत. आमच्या सेंटरच्या वेटिंग रूममधल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ते उभेच. उभे तरी कुठले, दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालूच. वजन एकशे दहा किलो, डाव्या तळपायाला महिनोन्‌महिने न भरणारी मधुमेहाची जखम, तिच्यावर जाड पट्टी. मी म्हणायची, "काका, पायावर भार देऊ नका." ते म्हणायचे, "पोरी, मी अकोल्याच्या मार्केटात तीस वर्सं हर्रास बोललो. या ढिगावून त्या ढिगावर. बसून कोनी लिलाव करते काय?"

अमरावतीच्या त्या खाजगी सेंटरमध्ये मी मशीन चालवते. मशीन म्हणजे माणूस आडवा मावेल एवढी जाड, पारदर्शक नळी. सगळे तिला काचेचीच म्हणतात. पेशंट आत झोपला की दार लावायचं आणि दाब वाढवत आत शुद्ध ऑक्सिजन भरायचा. रक्तात जास्त ऑक्सिजन गेला की हट्टी जखमाही भरू लागतात. एकेक पाळी दीड तासाची. आत मोबाईल नाही, घड्याळ नाही, मध्येच उठणं नाही. काकांना ही शिक्षाच होती. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत त्यांनी आतून धडाधड थापा मारल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. बाहेर आल्यावर म्हणाले, "हे मेल्यावरचं झोपनं आताच कायले?"

तिसऱ्या दिवशी मी माईकवरून म्हटलं, "काका, आत बोलायला बंदी नाही. हर्रास बोला." क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सुरू झाले. सोयाबीन, तूर, हरभरा. समोर नसलेले व्यापारी, त्यांची नावं, त्यांच्या खोडी. मी बाहेरून मधूनमधून बोली वाढवायची. दीड तास कसा गेला ते त्यांनाही कळलं नाही. बोलत राहिल्यामुळे दाबाने त्यांच्या कानांना दडेही बसले नाहीत. मग रोज हेच. सकाळच्या गाडीने अकोल्याहून यायचं, दारातूनच "जयभीम पोरी" म्हणायचं आणि आत जाऊन बाजार भरवायचा.

दोनेक आठवडे झाल्यावर एके दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन थांबले. "काय व पोरी, माही साखर उतरून राहिली. इन्सुलिन तेवढंच, खानं तेवढंच. काहून?"

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांचं लक्ष याच गोष्टीकडे होतं. अंगाने भारी असलेल्या पुरुष पेशंटांमध्ये त्यांना हे आधीही दिसलं होतं. ते म्हणाले, "तायडे, तुमच्या अंगात इन्सुलिन आहे, पण वजनामुळे शरीर त्याचं ऐकत नाही. या ऑक्सिजनने ते थोडं ऐकायला लागलेलं दिसतंय. मात्र हे किती दिवस टिकेल, मला सांगता येणार नाही."

काकांनी शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलं. वेटिंग रूममध्ये त्यांच्यासारखेच दोन जाड पेशंट होते, त्यांना लगेच सांगितलं, "आतापर्यंत माहं शरीर बहिरं होतं. आता ऐकून राहिलं." डॉक्टरांनी त्यांचं इन्सुलिन कमी केलं आणि मला बजावलं की बोट टोचून साखर पाहिल्याशिवाय कुणाचंही दार लावायचं नाही. कमी असली तर आधी खायला द्यायचं आणि ती चढेपर्यंत थांबायचं.

त्यानंतर काही दिवसांनी एकदा अकोल्याची गाडी लेट झाली. काका धापा टाकत आले तेव्हा पुढचा पेशंट येऊन बसला होता. मी विचारलं, "साखर?"

"गाडीतच पायली. बराबर हाय. टाक मले आत."

मी दार लावलं. खरं म्हणजे त्यांनी साखर पाहिलीच नव्हती. पहाटे सवयीने इन्सुलिनचा जुनाच डोस घेतला होता, बडनेऱ्याला उतरून पोहे खाऊ म्हणून घरून उपाशी निघाले होते आणि उशीर झाल्याने तेही राहिलं होतं. हे मला नंतर कळलं.

अर्धा तास हर्रास नीट चालला. मग त्यांनी तुरीला सोयाबीन म्हटलं आणि मी हसले. मग ते गप्प झाले. मी माईकवरून हाक मारली. डोळे उघडे होते, कपाळ घामाने भिजलेलं, ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मी डॉक्टरांची घंटा दाबली आणि दाब उतरवायला घेतला. तो एकदम उतरवता येत नाही, फुप्फुसांना इजा होते. काटा त्याच्या गतीने खाली येत राहिला. ती मिनिटं आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही.

दार उघडलं, शिरेतून ग्लुकोज गेलं, आणि थोड्या वेळाने काकांनी विचारलं, "सोयाबीन कोनाले गेलं?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "साखर पाहिली होती का?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "तिनं बोट मांगतलं होतं साहेब. मीच देलं नाई."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी म्हटलं, "नाही सर. मी मागितलंच नाही. उशीर झाला म्हणून त्यांच्या शब्दावर दार लावलं."

पंधरा दिवस मला मशीनवरून काढून नोंदवहीवर बसवलं. काका टेबलाशी आले ते चिडूनच. "मी एवढं झाकलं, तू उघडं केलं. कायले?"

"काका, ते तुमच्यावर गेलं असतं तर पुढच्या वेळी मी परत तसंच केलं असतं."

ते खिडकीपर्यंत जाऊन आले. "बराबर हाय तुहं," म्हणाले, "पन मले पटत नाई."

जखम भरली, पाळ्या संपल्या, काकांचं येणं थांबलं. काही आठवड्यांनी फोन आला. "पोरी, शरीर परत बहिरं झालं." डॉक्टरांनी आता रोज चालायला आणि वजन उतरवायला सांगितलं. मग ते चालता चालताच फोन करत. धाप आणि बोलणं एकत्र ऐकू यायचं. वजन थोडं उतरलंही. पण मागच्या हिवाळ्यात हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले.

मी अकोल्याला काकूंना भेटायला गेले. गाडीत दोनदा जागा बदलली. त्यांच्या घरी त्या दिवसाचं माहीत असेल का, नसेल तर मी सांगायचं का, एवढंच डोक्यात होतं.

काकूंनी पाणी दिलं. "तुमीच त्या मशीनवाल्या ना? मले समदं सांगतलं होतं त्याईनं. गाडी लेट झाली, तुमी साखर पायली नाई, मंग तुमी सोताहून साहेबाले सांगतलं, समदं." त्या खाली बघत म्हणाल्या, "एक मात्र सांगतलं नाई. आतमंदी ते भेले होते काय?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"हो काकू," मी म्हटलं, "भ्याले होते. आतून काचेवर हात ठेवला होता त्यांनी. माझा एक हात दाब उतरवायच्या व्हॉल्व्हवर होता. दुसरा मी बाहेरून त्यांच्या हातावर ठेवला. दार उघडेपर्यंत काढला नाही."

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"मंग एकटे नोते," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.